बोलत्या कानाचा ठसा

१२ जानेवारी

ताई,

फोनवर तुला ऐकू येत नाही. भाचीने मध्ये बसून माझं तुला आणि तुझं मला ओरडून सांगायचं, हे मला नको आहे. म्हणून हा कागद. कागदाला कानाचं मशीन लागत नाही, चष्मा लागतो, आणि तो तू लावतेस एवढी बातमी मला आहे.

दोन वर्षांनी लिहितोय तर काहीतरी गोड लिहावं, असं बायकोचं म्हणणं पडलं. पण मी आज चिडलेला आहे. घरातल्या सगळ्यांवर चिडून झालंय. आता तूच उरलीस.

मी कॉम्प्युटर शिकतोय. हसून घे, मग पुढे वाच.

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत काय चालायचं ते तू पाहिलेलं आहेस. माणसाच्या कानात गुलाबी पेस्ट भरायची, ती घट्ट झाली की कानाच्या आतल्या बोळाचा ठसा बाहेर काढायचा, मेणात बुडवायचा, कानशीने घासायचा आणि त्यावरून मोल्ड ओतायचा. तो मोल्ड कानात गच्च बसला की मशीनचा आवाज बाहेर न सांडता सरळ आत जातो. सैल बसला की आवाज बाहेर गळतो, मशीन स्वतःचाच आवाज ऐकतं आणि शिट्टी मारत सुटतं. बोटांना डोळे फुटावेत इतकी वर्षं मी हे केलं. आता ज्या कानाच्या डॉक्टरीणबाई मला काम देतात त्यांनी कळवलंय, की यापुढे हातचं काम नको. ठसा स्कॅन करा, कॉम्प्युटरवर घडवा आणि प्रिंटरमधून काढा. हा प्रिंटर कागदाचा नाही बरं का. पातळ राळेच्या भांड्यातून वस्तू वर उगवत येते. तो आणून ठेवलाय. बायकोने त्याच्यावर जुनी चादर घातली आहे. म्हणते, उघडा बघवत नाही.

मग मी क्लास लावला. शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर आहे. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं. एकजण शिंगं असलेला राक्षस घडवतोय, दुसरी पंखवाली बाई. मधोमध मी, आणि माझ्या पडद्यावर एक गोळा. नुसता करडा गोळा. पहिल्या दिवशी शिकायचं काय, तर तो गोळा फिरवून चहूबाजूंनी बघायचा. मी माउस जरा हलवला तर गोळा गायब. परत आणला तर इतका मोठा, की पडदाभर करडं. मग अचानक सगळं काळं. शिकवणारी मुलगी तुझ्या लेकीएवढी असेल. केस बारीक कापलेले, तोंडात सतत पेन्सिल. आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आत शिरलात."

"कशाच्या आत?"

"गोळ्याच्या. त्याच्या पोटात उभे आहात तुम्ही."

मी म्हटलं, "मी कुठे शिरलो? हा हललाय."

"नाही काका. तो जिथल्या तिथे आहे. तुम्हीच फिरताय."

राक्षसवाला खुदकन हसला. माझे कान तिखट आहेत, तू मला ससा म्हणतेस ते उगाच नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हसा बाळा, तुमच्या राक्षसाला कान बसवायची वेळ आली की माझ्याकडेच याल." तेव्हापासून मला तिथे कानवाले काका म्हणतात.

मुद्द्याचं सांगतो, म्हणजे तू पत्र अर्ध्यात टाकलंस तरी चालेल. तुझा जुना ठसा माझ्याकडे डबीत आहे. हे काम हाताला बसलं की पहिला मोल्ड तुझा. या वेळी शिट्टी वाजणार नाही. नवा ठसा घ्यायला हवा हे मलाही कळतं, पण तू माझ्या खुर्चीत परत बसशील असं वाटत नाही. तुला ऐकू यावं, बास. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव. नको असेल तर तसं कळव, म्हणजे मी ते वाचलंच नाही असं करता येईल.

तुझा ससा

२३ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. उत्तर देत नाहीस त्या अर्थी वाचतेस. न वाचता फाडलं असतंस तर भाचीने मला सांगितलं असतं.

माझी प्रगती ऐक. म्हणजे वाच. गोळा फिरवता येतो. आता माझ्या हातात एक पेन आहे आणि पुढ्यात एक काळी पाटी. पेन पाटीवर ओढायचं आणि बघायचं पडद्यावर. खाली लिहायचं आणि समोर बघायचं, जसं काही हात माझा नाही, शेजाऱ्याचा आहे. पडद्यावर माती वर येते, खाली दबते. मातीच म्हणतात तिला. मी विचारलं, "माती आहे तर हाताला लागत का नाही?" ती म्हणाली, "हाताला लागणार नाही, डोळ्यांनी चाचपा."

डोळ्यांनी चाचपा. आमच्या धंद्यात दिवा गेला तर मी काम थांबवत नसे. अंगठा फिरवला की कळायचं, इथे बोचेल, तिथे सैल राहील. आता अंगठा फिरवला की काच लागते, आणि काचेवर डाग पडतो, आणि तो पुसायला ती फडकं देते.

एक ब्रश माती चढवतो, एक खरवडतो आणि एक सगळं गुळगुळीत करतो. हा तिसरा फार वाईट. चुकलं की मी तो फिरवतो. चूक दिसेनाशी होते, बरं वाटतं, पुन्हा फिरवतो. असं करत मी एक अख्खा कान फिरवून फिरवून साबणाच्या वडीसारखा करून ठेवला. मुलगी बघून म्हणाली, "काका, हा वापरलेला दिसतोय."

शिवाय एक बटण आहे, ते दाबलं की केलेलं मागे जातं. पुन्हा दाबलं की त्याच्याही मागे. मी घरी सांगितलं तर बायको लगेच, "लग्नापर्यंत जातं का ते?" मी म्हटलं, "क्लासला विचारून सांगतो."

पण खरी फजिती पुढे आहे. आम्हाला अख्खं डोकं घडवायला दिलं. मी म्हटलं नाक-डोळे जाऊ देत खड्ड्यात, मी कान करतो. उजवा कान धरला आणि आठवडाभर त्याच्यावर बसलो. मागची पन्हाळ, पुढचा छोटा उंचवटा, पाळीची वळकटी. शेवटी असा कान उतरला की मीच त्याच्याशी बोललो असतो. डोकं फिरवून डावीकडे गेलो, आता हा करू म्हणून, तर तो तयार. अगदी तस्सा. रेघ न् रेघ. जसं काही आरशातून उचलून चिकटवलाय.

ते सिमेट्री नावाचं बटण पहिल्यापासून चालू होतं. एका बाजूला करशील ते दुसऱ्या बाजूला आपोआप. पोरं म्हणाली, "काका, निम्मं काम वाचलं की." मी कपाळ धरून बसलो. ताई, इतक्या वर्षांत मी एकही माणूस पाहिला नाही ज्याचे दोन्ही कान सारखे आहेत. तुझा डावा बोळ वळून वर जातो, उजवा सरळ आहे. त्या डोक्याकडे बघून मला भीती वाटायला लागली. नीट केलेलं, चूक एकही नाही, आणि असा माणूस जन्माला आलेला नाही. मुलीने बटण बंद कसं करायचं ते दाखवलं. पण बंद करून डावा कान सुधारायला गेलो तर हात चालेना. गुळगुळीत ब्रश फिरवला. साबणाची दुसरी वडी.

मी रोज माडीचे जिने उतरताना ठरवतो की उद्या यायचं नाही. खाली शिंपी विचारतो, "काय, झाला का कान?" त्याला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत जातो.

चिडलेला,
तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "माझ्यासाठी काही करू नकोस. मला शांततेची सवय झाली आहे." अक्षर अजून ठसठशीत आहे. मजकूर मात्र तुझा वाटला नाही. शांतता आणि तू?

त्याच पाकिटात भाचीने तुझ्या नकळत आपली चिठ्ठी घातली होती. तिच्यावर रागावू नकोस. ती लिहिते, "मामा, आईला ऐकू येत नाही ते एक वेळ चालवून घेऊ. पण ती बोलायचीच बंद झाली आहे. काय विचारलं तर मान हलवते. परवा दारावर भाजीवाली आली तर आईने बोटाने दाखवून भाजी घेतली."

तू बोटाने दाखवून भाजी घेतलीस. जिच्याशी घासाघीस करताना भाजीवाल्या पाणी मागायच्या ती तू. मी ती चिठ्ठी बायकोला वाचून दाखवली. ती आत जाऊन कपाट आवरत बसली. वन्सं अशा गप्प झाल्या तर मला टोमणे कोण मारणार, असं नंतर म्हणाली.

म्हणून मी तुझं ऐकणार नाही. आजवर कधी ऐकलंय?

डबीतून तुझा ठसा काढला आणि स्कॅन केला. पडद्यावर तुझ्या कानाचा आतला बोळ उभा राहिला, करडा, बोटाएवढा, वळलेला. त्याच्यावर एक जाळी असते, बारीक त्रिकोणांची. ती मुलगी म्हणाली, एकही त्रिकोण फाटला तर प्रिंटर अडतो. फाटला होता. एक नाही, पुष्कळ. मी एक भोक बुजवलं की दुसरीकडे उसवायचं. मी आधी शिंप्याकडे शिकून यायला हवं होतं, असं मी म्हटलं तर ती पेन्सिल तोंडातून काढून हसली. एवढं माझं एकच वाक्य तिथे यशस्वी झालंय.

सगळी जाळी शिवली, कडा काढल्या, नळीचं भोक पाडलं. हे सगळं माझ्या हाताने चहा निवायच्या आत झालं असतं. इथे दिवसच्या दिवस गेले. मग चादर काढून प्रिंटर लावला आणि आम्ही दोघं समोर खुर्च्या टाकून बसलो. राळेतून काहीतरी वर येऊ लागलं. येत राहिलं. बायको म्हणाली, "वन्संचा कान एवढा मोठा आहे?" मी म्हटलं, "थांब, पूर्ण होऊ दे." ते पूर्ण झालं तेव्हा माझ्या मुठीत मावेना. मापाच्या खान्यात मिलिमीटरच्या जागी भलतंच काही निवडलं गेलं होतं. हत्तीला बहिरेपण आलं तर सांग, मोल्ड तयार आहे. बायकोने तो दाराला अडसर म्हणून ठेवलाय, वाऱ्याने दार आपटत नाही आता.

दुसऱ्या वेळी माप बरोबर आलं. तळहातावर घेतला आणि खूप दिवसांनी अंगठ्याला काहीतरी लागलं. कुठे बोचत नाही. स्वच्छ. ती मुलगीसुद्धा म्हणाली, "काका, हा चांगला झालाय." राक्षसवाल्याने मागून बघून मान हलवली.

तो सोबत पाठवतोय. मशीन भाचीच्या कपाटात आहे, त्याला नवी नळी लावून घे. पाळी मागे ओढून मोल्ड हलकेच पिळत आत घाल. दांडगाईने नको.

तुझा ससा

२६ फेब्रुवारी

ताई,

पुडकं परत आलं.

वर तुझी ओळ होती, "कुत्र्यांना बोलवायच्या कामाचा आहे." मागच्या वेळी माझ्या दुकानात तू हेच म्हणाली होतीस, मोल्ड काढून माझ्या टेबलावर ठेवताना. निदान नवीन काहीतरी म्हणायचंस.

तू तो नीट घालत नाहीस. मी तेव्हाही हेच म्हणालो होतो आणि आजही हेच म्हणतो. हा मोल्ड ठशाशी तंतोतंत जुळतो. मी क्लासमध्ये दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले, म्हणजे पडद्यावर. जिथे फट असेल तिथे लाल दिसतं, जुळलं की हिरवं. सगळं हिरवं आहे. या जगात तुझ्या कानासारखं याच्यापेक्षा जास्त काही नाही, खुद्द तुझा कान सोडून. मग वाजतो कसा?

मी फुगवून बघितला. सगळीकडे थोडी माती चढवली, पुन्हा प्रिंट काढली, पण नुसतं बघूनच कळलं की तुला ठणका लागेल. फेकून दिला.

त्या मुलीवर ओरडलो. तिची काही चूक नव्हती. "हे तुमचं खेळणं आहे," म्हणालो, "राक्षस करायला ठीक आहे, राक्षसाला कुठे ऐकायचं असतं." तिने शांतपणे विचारलं, "काका, कान कोणाचा आहे?" मी पेन पाटीवर टाकलं आणि निघून आलो. शिंप्याने विचारलं, झाला का कान? मी म्हटलं, तुझं शिवण सांभाळ.

भाची लिहिते की नुसती बसलेली असतेस तेव्हा ठीक असतं, बोलायला किंवा जेवायला लागलीस की वाजतं. मग नुसती बस. तुला शांततेचीच सवय आहे ना.

हे पत्र पाठवू नको असं बायको म्हणतेय. पाठवतो.

१४ मार्च

ताई,

मागचं पत्र तू ठेवलं असशील तर जाळून टाक. नसशील ठेवलं तर उत्तम.

त्या मुलीकडे गेलो. माफी मागायची होती, पण माझ्या आधी तिनेच खुर्ची ओढून दिली, जसं काही झालंच नाही. कान माझ्या बहिणीचा आहे, एवढं सांगून मी तुझ्या मोल्डची फाईल उघडून बसलो. ती मागे उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "काका, ठशाशी तर जुळतोय. पण ठसा घेताना त्या काय करत होत्या?"

"काय करणार? बसल्या होत्या."

"नाही, तुम्हीच मला सांगितलं होतं ना, तुम्ही लोकांना बोलायला लावता म्हणून. सुनेबद्दल बोला, पगाराबद्दल बोला."

खरं आहे. पेस्ट कानात असते तेव्हा मी सगळ्यांना बोलायला लावतो. तोंड उघडलं की जबडा पुढे सरकतो, आणि जबड्याला लागून असलेली कानाची भिंत त्याच्याबरोबर हलते. बोळ रुंद होतो. बोलत्या माणसाचा ठसा घेतला की मोल्ड बोलतानाही धरून राहतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. शिट्ट्या ऐकून ऐकून शिकलो.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, माझ्या कानात पेस्ट भर. आधी ओठ मिटून बसलो आणि एक ठसा काढला. मग पुन्हा भरायला लावली आणि बोलत राहिलो. म्हणजे ती प्रश्न विचारत होती आणि मी तिच्या माहेरच्या एकेकाबद्दल माझं मत देत होतो. तिने ठसा ठरल्यापेक्षा जरा लवकर आणि जरा जोरात काढला. पण निघाला नीट. दोन्ही स्कॅन केले आणि पडद्यावर एकमेकांवर ठेवले. मागची बाजू हिरवी, खालची हिरवी. पुढची भिंत, जबड्याकडची, लालभडक. एकाच माणसाचा एकच कान, गप्प असताना वेगळा आणि बोलताना वेगळा.

मग मला तो दिवस आठवला. भाऊजी जाऊन महिना झाला असेल. भाचीने तुला जवळजवळ ओढत माझ्या दुकानात आणलं. तू खुर्चीत बसलीस. मी पेस्ट भरली. बायको म्हणाली, "वन्सं, बोला काहीतरी," खुणेनेही दाखवलं. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलीस. दात दातांवर घट्ट. एक अक्षर नाही. मी तुला कधी बोल म्हणून सांगितलेलं नव्हतं आयुष्यात, तशी वेळच आली नव्हती, आणि त्या दिवशीही मी सांगितलं नाही. तू रागावलेली होतीस आणि मला वाटलं, बरंय, निदान हलत तरी नाही.

म्हणजे तो मोल्ड चुकलेला नाही, मी अजूनही म्हणतो. तो अगदी बरोबर आहे. पण तो एका न बोलणाऱ्या बाईचा आहे.

मी पडद्यावर लाल भागात माती चढवून बघितली. अंदाजाने. माझ्या जबड्यावरून तुझा जबडा ताडायचा. मुलगी म्हणाली, "काका, हे होणार नाही, हे तुम्हीच मला सांगाल." तिने बरोबर सांगितलं. कुठलाही ब्रश तुझ्या तोंडून बोलणार नाही.

तेव्हा मी येतोय. पेस्ट, पिचकारी, कापसाचे बोळे घेऊन. भाचीला कळवलंय. तू दार उघडलं नाहीस तर ती उघडेल. एका गोष्टीची तयारी ठेव. तुला बोलावं लागेल, आणि पेस्ट घट्ट होईपर्यंत थांबायचं नाही. विषय माझ्याकडे मागू नकोस. तुझ्याकडे खूप साठले असतील.

ससा

२ एप्रिल

ताई,

निघताना तू म्हणालीस, "पळ, नेहमीसारखा." मी पळालोच. आता बसून लिहितो.

भाचीच्या स्वयंपाकघरातली ती खिडकीजवळची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी पाठीमागे उभा होतो, तुला माझं तोंड दिसत नव्हतं. बरंच झालं. पेस्ट भरली आणि तुझ्या मांडीवर कागद ठेवला, "बोल." तू म्हणालीस, "काय बोलू?" मी त्याखाली लिहिलं, "मला शिव्या दे." तू कागद चुरगळून खिडकीबाहेर टाकलास आणि सुरू झालीस.

आधी बायकोच्या पडद्यांचा रंग निघाला. मग माझी मिशी. मग माझं पत्र, "नुसती बस" लिहिलंस, हात झडला नाही तुझा, असं म्हणालीस. भाची दारात उभी राहून तोंडावर हात ठेवून हसत होती. आईचा आवाज घरात ऐकून तिला किती दिवस झाले होते ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मग तू थांबलीस, मला वाटलं संपलं, मी खांद्याला हात लावून खूण केली की अजून वेळ आहे.

तेव्हा तू ते विचारलंस. माझे कान तिखट आहेत, तुझा शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"त्या दिवशी दवाखान्यात हे काहीतरी म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. ओठ हलले, मी बघितले. तू उशाशी होतास, तू हसलास. मी विचारलं काय म्हणाले, तर तू हाताने केलंस, नंतर. मग ते झोपले ते झोपलेच. कुठे आहे तुझं नंतर? माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं तुझ्या कानात पडलं, माझ्या नाही. ते घेऊन फिरतोस तू."

भाचीचं हसू गेलं. माझ्या हातात पेन होतं. कागद नव्हता, पण मागून घेता आला असता. मी पेस्टला नख लावून बघितलं, घट्ट झाली होती. ठसा काढला, डबीत ठेवला, पिशवी भरली. पुढचं तुला ठाऊक आहे.

ठसा फार चांगला आलाय. पुढच्या भिंतीला एक उंचवटा आहे, जुन्या ठशात त्याचा पत्ता नव्हता. मी तो स्कॅन केला आणि क्लासमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने घडवला. मुलगी शेजारी बसली होती पण तिने पाटीला हात लावला नाही. जाळी दोनदा फाटली, शिवली. उंचवट्यावर गुळगुळीत ब्रश नेला होता, सवयीने. तिथून पेन उचललं. तेवढाच भाग मी जसाच्या तसा राहू दिला, खडबडीत. शिंप्याला जाताना दाखवला. तो म्हणाला, "एवढ्यासाठी एवढे दिवस?" मी म्हटलं, हो, एवढ्यासाठी.

आता उत्तर.

त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा होत्या, नर्स होती, कोणाकोणाचे नातेवाईक होते. तेव्हा तू मशीन लावायला तयारच नव्हतीस. तुला सांगायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि भाऊजी जे म्हणाले ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ते तुमच्या दोघांतलं होतं. मला नंतर म्हणजे बाहेर, जिन्यात, तुझ्या कानाशी, असं म्हणायचं होतं. जिन्यात जाईपर्यंत ते गेले.

त्यानंतर मी ते लिहून बघितलं. पुष्कळदा. थोडेच शब्द आहेत. कागदावर उतरले की नुसते शब्द राहतात, कोणीही कोणालाही म्हणावे असे. ते काय म्हणाले त्यापेक्षा कसं म्हणाले यात सगळं होतं. नाकातून, शेवटचा शब्द लांबवत, तू कोणावर तरी चिडलीस की तुझ्या मागे उभे राहून तुझी नक्कल करायचे ना, तसं. म्हणून मी हसलो. मरणाच्या दारातल्या माणसासमोर कोणी उगाच हसत नाही, ताई.

तुला माहीत आहे, मला त्यांचा आवाज काढता येतो. ते असताना तूच मला काढायला लावायचीस आणि तेच सगळ्यात जास्त हसायचे. अजून येतो. रोज दाढी करताना ते वाक्य मी एकदा त्यांच्या आवाजात म्हणतो. बायकोला वाटतं मी स्वतःशी बोलतो. चाल बिघडू नये म्हणून म्हणतो. आवाज मला जपता येतो, पण माझा गळाही आता म्हातारा होत चाललाय, आणि तो कायम पुरेल याची खात्री मी देत नाही.

म्हणून ते मी इथे लिहिणार नाही. तुला याचा राग येईल. येऊ दे.

मोल्ड सोबत आहे. पाळी मागे ओढ, हलकेच पिळत घाल. मशीन चालू कर. मग बोल, काहीतरी चाव, जबडा चांगला हलव. वाजला तर परत पाठव, मी पुन्हा पेस्ट घेऊन येतो आणि तू पुन्हा मला झोड. नाही वाजला तर भाचीला माझा फोन लावून द्यायला सांग, आणि तिला खोलीबाहेर पाठव.

तुझा भाऊ